बारशाचा ब्लाऊज शिवायला टाकताय? हूक पुढेच हवेत

मागून हूक असलेला ब्लाऊज फोटोत छान दिसतो, पण ऐन पाळण्याच्या वेळी बाळाला भूक लागली की पंचाईत होते. शिंप्याला पुढून हूक लावायला सांगा आणि शिवणीत माया जरा जास्तच सोडायला लावा. दूध उतरलं की जुन्या मापाचं काहीच बसत नाही. साडीच नेसणार असाल तर आडोशाला पदर पुरतो, वेगळं नर्सिंग कव्हर विकत घ्यायची गरज नाही.

घरात मऊ सुती, पुढून उघडणारे गाऊन बरे. चेन असेल तर आतून पट्टी आहे ना, हे बोट फिरवून पाहा. नाहीतर ती बाळाच्या गालाला घासते. रंग फिकट, एकरंगी नको. छापील कापडावर दुधाचे डाग चटकन दिसत नाहीत.

तारेची किंवा घट्ट ब्रा टाळाच, सतत दाब पडला तर दूध साचून गाठी होऊ शकतात. नर्सिंग ब्रा घेताना तिची क्लिप एका हाताने उघडते का, ते दुकानातच बघा. दुसऱ्या हातात बाळ असणार! आतले पॅड ओले झाले की लगेच बदला.