भरतीची वेळ आधी विचारा: कुमारकथा देताना आणि लिहिताना या चुका टाळा

अलिबागच्या बाजूला आमचा एक वाचनकट्टा भरतो. शनिवारी दुपारी सातवी ते अकरावीची मुलं येतात. आधी वाचलेल्या पुस्तकांच्या गप्पा होतात, मग ज्याने काही लिहिलं असेल तो ते वाचून दाखवतो. मुलं मोठी होऊन जातात, नवी येतात, चुका मात्र त्याच. त्यातल्या बऱ्याच मुलांच्या नाहीतच, आई-बाबांच्या आणि शिक्षकांच्या आहेत. तेच तेच सांगून थकायला झालं, म्हणून एकदा लिहूनच काढते.

घरासमोरचा समुद्र न बघता लिहिणं

कट्ट्यावर नव्याने आलेल्या मुलाच्या पहिल्या गोष्टीत हमखास बर्फ पडतो. डोंगरावर जुनी निवासी शाळा असते, भोवती पाइनची झाडं, नायकाच्या गळ्यात मफलर. इंग्रजी कादंबऱ्या वाचून हे येतं. त्या वाचायला माझी काडीचीही हरकत नाही, उलट मीच आणून देते. पण भा. रा. भागवतांकडे बघा. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या त्यांनी मराठीत आणल्या, जगभरची साहसं त्यांच्या हाताखालून गेली. आणि स्वतःचा नायक उभा करायची वेळ आली तेव्हा त्यांनी बनेश फेणेला पुण्याजवळच्या फुरसुंगीचा केला. सायकलवरून भटकणारा, किडकिडीत, आपल्यातलाच पोरगा. मुलांना तो अजून आवडतो.

बर्फ काढायला सांगितला की मुलं कोकणात येतात, पण चित्रातल्या कोकणात. माड, लाल माती, चांदणं, लाटांचा आवाज. हे तर चार दिवस फिरायला आलेला माणूसही लिहील. इथे राहणाऱ्याला जे ठाऊक असतं ते गोष्टीत यायला हवं, आणि ठाऊक नसेल तर ते विचारायला हवं.

याचं एक उदाहरण मी प्रत्येक नव्या मुलाला सांगते. नववीतल्या एका मुलीने मेहनतीने मोठी गोष्ट लिहून आणली होती. कोजागिरीची रात्र, बाराचा ठोका, चार मित्र घरी न सांगता निघतात आणि ओल्या वाळूतून चालत अलिबागसमोरच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यावर पोचतात. तिथे खजिना, भूत, सगळं. वाचत होती छान. मध्येच मागच्या बाकावरून कोळीवाड्यातला एक मुलगा म्हणाला, “ताई, त्या टायमाला तर भरती असते. बुडतील ना ही पोरं!”

मुलगी चिडली. “गोष्टच आहे ती, काय फरक पडतो?”

खूप फरक पडतो. कुलाबा किल्ल्यावर ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला होडीच लागते. आणि भरती कधी येणार हे आपल्या किनाऱ्यावर शेंबडं पोरही सांगतं: तिथीची पाऊणपट करायची. पौर्णिमा म्हणजे पंधरावी तिथी, तिची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे पौर्णिमेच्या रात्री अकरा-बाराच्या सुमाराला समुद्र काठोकाठ, त्यातही उधाणाची भरती. पाणी ओसरायला पुढे सहा तास. अष्टमीचा हिशेब केला तर भरती सहाला आणि ओहोटी बाराला येते खरी, पण तेव्हा भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी दोन्ही कमी जोराची, पाणी फार मागे हटतच नाही. रात्री बाराला चालत जाण्याचा तिचा बेत दोन्हीकडून बुडाला.

मी तिला तो प्रसंग खोडायला सांगितला नाही. त्या मुलाच्या आजोबांकडे जाऊन बसायला सांगितलं. ते जन्मभर होडीवर होते. पुढच्या वेळी ती आली तेव्हा वहीतली अर्धी पानं नवी होती. आता मित्र कोजागिरीचं दूध पिऊन झोपल्यासारखं करतात आणि पहाटे, पाणी पूर्ण मागे गेल्यावर निघतात. किल्ल्यात रमतात. गणपतीच्या देवळामागे एकाचा पाय मुरगळतो. परत यायला उशीर होतो आणि मधल्या वाटेवर पाणी चढलेलं असतं. आता पुढची ओहोटी थेट संध्याकाळी. होडीवाल्याला हाक मारली तर सुटका होईल, पण तो त्यातल्या एकीच्या बाबांचा मित्र, म्हणजे घरी कळणार. हाक मारायची की नाही, यावरून चौघं भांडतात. पाय सुजत चाललाय, डब्यात फक्त चकल्या उरल्यात, आणि त्या भांडणातच शाळेत वर्गणीचे पैसे कुणी घेतले होते ते बाहेर पडतं. खजिना आणि भूत तिने स्वतःहून काढून टाकलं. त्यांची गरजच उरली नाही.

तो मुलगा या खेपेला गप्प बसून ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, “हा, असंच होतं.” तिला त्याहून मोठी दाद नको होती. (गोष्टीतल्यासारखं खरंच चालत निघायचं असेल तर आधी किनाऱ्यावरच्या माणसांना विचारा. तिथीचा हिशेब गोष्ट लिहायला पुरतो, जिवाची जोखीम घ्यायला नाही.)

याच जातीच्या चुका आणखी येतात. जुलैत बाबा ट्रॉलर घेऊन मासेमारीला जातात, हे त्यातलं नेहमीचं. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, ट्रॉलर बंदरात उभे असतात आणि बाबा घरी जाळी विणत बसलेले असतात. घरी बसलेल्या त्या बाबांवर गोष्ट लिहा की.

संस्कार होतील म्हणून पुस्तक देणं

ही चूक मोठ्यांची आणि माझ्या मते सगळ्यात महाग. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात पुस्तक ठेवताना “हे वाच, तुझ्या भल्याचं आहे” म्हटलं की ते पुस्तक तिथेच मेलं. वाचून झाल्यावर “काय बोध घेतलास?” विचारलं की पुढचं पुस्तकही मेलं. साने गुरुजी आपल्या दापोली तालुक्यातल्या पालगडचे. त्यांची पुस्तकं मुलांनी रडत रडत, आवडीने वाचली आहेत. त्याच पुस्तकांचा पाच ओळींचा सारांश सुट्टीचा अभ्यास म्हणून लिहायला लावणारी माणसं मी पाहते, तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं.

दुसरं टोक म्हणजे न वाचताच पुस्तक काढून घेणं. आठवीतल्या एका मुलीने कट्ट्यावरून ‘शाळा’ नेली. मिलिंद बोकिलांची ही कादंबरी २००४ मध्ये आली. आणीबाणीच्या काळातला नववीतला मुलगा, त्याचे मित्र, त्याला आवडणारी मुलगी. दोन दिवसांनी तिचे वडील पुस्तक घेऊन आले. “असलं प्रेमाबिमाचं पोरींना देऊ नका.” मी विचारलं, तुम्ही वाचलंत का? नव्हतं वाचलं. मी वाद घातला नाही. म्हटलं, दादा, आता तुमच्या नावावर नोंदवते, पन्नास पानं वाचा आणि मग परत द्या.

त्यांनी पूर्ण वाचली. मत बदललं नाही. शेवट तर त्यांना मुळीच पटला नाही. पण मुलीनेही ती तोवर त्यांच्या मागे लागून पुरी केली होती आणि रात्री जेवताना बाप-लेकीचं त्या शेवटावरून कडाक्याचं भांडण झालं. पुस्तकावरून घरात असं भांडण व्हावं, याहून चांगलं मला काही सुचत नाही.

मी पुस्तक कसं देते? एक पान मोठ्याने वाचते. ऐन मोक्याला थांबते, पुस्तक टेबलावर ठेवते आणि चहा ठेवायला आत जाते. कुणी उचललं तर ठीक, नाही उचललं तर पुढच्या आठवड्यात दुसरं. गोष्ट सांगून टाकत नाही. मुलाने अर्ध्यात सोडलं तर का सोडलं हे विचारत नाही, कुठे सोडलं ते विचारते. त्या पानाचा आकडा मुलाबद्दल पुष्कळ सांगून जातो. विकत घ्यायला पैसे नसतील तर अडू नका. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात.

आजीला पाठ्यपुस्तकातलं बोलायला लावणं

मालवणची आजी गोष्टीत “तू कुठे गेला होतास?” असं विचारते. अरे, तुझी आजी असं विचारते का? ती “खंय गेल्लंस रे मेल्या?” म्हणत असेल तर तसंच लिही. शिक्षक चूक काढतील ही भीती मुलांच्या मनात पक्की बसलेली असते, ती आपणच काढायला हवी. निवेदन प्रमाण मराठीत ठेवा, हवं तर बोलीत करा. संवाद मात्र माणसाच्या तोंडचा हवा. नागपूरचा वाचक अडेल म्हणून घाबरू नका, प्रसंग स्पष्ट असला की अर्थ आपोआप लागतो. प्रकाश नारायण संतांच्या कथांमधल्या लंपनची भाषा बेळगावकडची आहे, तरी महाराष्ट्रभरच्या वाचकांनी त्याला आपलं मानलं.

“आणि मला जाग आली”

नको. कधीच नको.

पहिल्याच वाचनाला लाल पेन, किंवा नुसतं “छान!”

दोन्हींनी मूल लिहायचं थांबतं, फक्त “छान”ने थोडं उशिरा. ऱ्हस्व-दीर्घ शेवटच्या खर्ड्यात बघता येतात. आमच्याकडे ऐकणाऱ्याने दोनच गोष्टी सांगायच्या: मी कुठे पुढे सरसावून बसलो आणि कुठे माझं लक्ष खिडकीबाहेर गेलं. लिहिणाऱ्याने त्यावर सफाई द्यायची नाही, नुसतं वहीत टिपून घ्यायचं. हा नियम मी कुणासाठीही मोडत नाही.

घाई

तीन गोष्टी लिहून झाल्या की पालक विचारतात, “पुस्तक कधी काढायचं?” पैसे घेऊन पुस्तक छापून देणारे त्यांना गाठतात. गठ्ठा घरी येतो, नातेवाइकांना वाटला जातो आणि उरलेला कपाटावर चढतो. त्यानंतर ते मूल लिहीत नाही, कारण आता ते ‘लेखक’ झालेलं असतं. त्यापेक्षा शाळेचं हस्तलिखित काढा. स्वतःच्या अक्षरात, मित्राच्या चित्रांसह, सगळ्या वर्गाच्या हातातून फिरलेलं.

हल्ली मोबाइलला सांगून लिहून घेतलेल्या गोष्टीही येतात. दोन परिच्छेदांत कळतं. भाषा गुळगुळीत असते, कुणाच्याही गावात घडेल अशी गोष्ट असते आणि शेवटी सगळे शहाणे होतात. मी रागावत नाही. मुलाला समोर बसवते आणि त्या गोष्टीतलं घर कुठल्या वाडीत आहे, अंगण सारवलेलं आहे की फरशी आहे, पावसात पाणी कुठून गळतं, हे विचारत जाते. उत्तरं देता देता मूल स्वतःचं घर सांगायला लागतं. मग म्हणते, हे लिही. वेळ लागतो. लागू दे. ज्याला आठवड्यात कादंबरी संपवायची आहे त्याला मी हळू चालायलाच सांगणार.

वही पावसाच्या भरवशावर सोडणं

कोकणात हे सांगायलाच हवं. २००५ आणि २०२१ च्या पुरांत चिपळूणमध्ये घराघरांत पाणी शिरलं, तेव्हा कागद म्हणून जे जे होतं त्याचा लगदा झाला. पूर नाही आला तरी आषाढात बुरशी धरते आणि कसर लागते. म्हणून बॉलपेनने लिहा, शाई एका थेंबात पसरते. लिहून झालं की त्याच दिवशी पानांचे फोटो काढून घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर पाठवा. वह्या-पुस्तकं प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवू नका, आत दमट राहून जास्त बुरशी येते. भिंतीला न टेकवता उभी ठेवा, मध्ये कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला. वही भिजलीच तर उन्हात टाकू नका, पानं वाकडी होऊन चिकटतात. थोड्या थोड्या पानांमध्ये वर्तमानपत्राचा कोरडा कागद घालून पंख्याखाली ठेवा आणि कागद ओला झाला की बदला. चिकटलेली पानं पूर्ण सुकेपर्यंत ओढून सोडवायला जाऊ नका.