मुंबईत घराचा खरा भाव कसा काढावा

मुंबईत एखादे घर आपल्याला परवडते की नाही, याचा हिशेब दलालाने सांगितलेल्या आकड्यापासून सुरू करू नये. तो आकडा विक्रेत्याची अपेक्षा असते. त्याच इमारतीत गेल्या वर्षभरात कोणत्या किमतीला दस्त नोंदले गेले, हे पाहिल्याशिवाय बोलणीला बसूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यासाठी राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर 'ई-सर्च' ही सुविधा आहे. वर्ष, गाव आणि सीटीएस नंबर (जमिनीचा नगर भूमापन क्रमांक) भरला की दस्तांची यादी येते आणि प्रत्येक दस्ताचा इंडेक्स-टू, म्हणजे व्यवहाराचा अधिकृत गोषवारा, पाहता येतो. येथे 'गाव' म्हणजे महसुली गाव, जमिनीच्या सरकारी नोंदीतले जुने नाव. गोरेगावातल्या अनेक इमारती 'पहाडी गोरेगाव' या नावाखाली सापडतात. त्यामुळे यादी रिकामी आली तर निराश न होता सोसायटीच्या कागदपत्रांवर गावाचे कोणते नाव लिहिले आहे ते तपासावे.

इंडेक्स-टूवर 'मोबदला' आणि 'बाजारभाव' असे दोन रकाने असतात. मोबदला ही दोन्ही पक्षांत ठरलेली किंमत असते, तर बाजारभाव रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने भागानुसार ठरवलेल्या, दराने काढलेला असतो. मुद्रांक शुल्क या दोहोंपैकी जास्त असलेल्या रकमेवर आकारले जाते. तुलनेसाठी मोबदलाच घ्यावा. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असते, ते १०.७६४ ने गुणून चौरस फूट काढावे आणि ते कार्पेट (भिंतींच्या आतले, वापरता येणारे) आहे की बिल्ट-अप (भिंतींसह), हे दस्ताच्या वर्णनात वाचावे. समजा, १ कोटीचे घर '७०० फुटांचे' म्हणून दाखवले जात आहे, म्हणजे फुटाला सुमारे १४,३०० रुपये. कागदावर मात्र कार्पेट ४२ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ४५२ चौरस फूट निघाले, तर खरा दर २२,००० च्या वर जातो. घासाघीस या दराने करायची असते. किमतीत पार्किंग धरले आहे का, हेही पाहावे, नाहीतर दोन घरांची तुलना फसते.

आता खिसा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ७५ लाखांवरील गृहकर्ज घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपलीकडे देता येत नाही, आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क व नोंदणी खर्च धरला जात नाही. म्हणून १ कोटीच्या घरासाठी २५ लाख स्वतःचे, मुंबईत ६ टक्क्यांप्रमाणे मुद्रांक शुल्काचे ६ लाख (खरेदीदार महिला असल्यास १ टक्का सवलत) आणि नोंदणी फीचे ३०,००० असे ३१ लाख ३० हजार हाताशी हवेत. बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत याच किमतीवर ५ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे आणखी ५ लाख. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा दाखला) मिळाल्यानंतर विकल्या जाणाऱ्या घरावर तो लागत नाही. ७५ लाखांचे कर्ज ८.५ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे ६५,००० रुपये बसतो, त्यात सोसायटीचा मेंटेनन्स मिळवूनच महिन्याचा ताळेबंद मांडावा.

नव्या प्रकल्पात महारेरा या राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक टाकून ताबा देण्याची तारीख आणि तिला मिळालेली मुदतवाढ पाहावी. 'आजच टोकन द्या, उद्या भाव वाढेल' असे सांगितले जातेच. परंतु नोंदणीकृत करारनामा होण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्याची विकासकाला कायद्याने मनाई आहे.