माझा अनुभव: स्पेक्ट्रमसाठी कंपायलर निवडताना
मामाजींचा झेडएक्स स्पेक्ट्रम, म्हणजे टीव्हीला जोडायचा जुना घरगुती कॉम्प्युटर, दारव्ह्याजवळच्या आमच्या गावी अजून चालतो. १९८२ चं मॉडेल, झेड८० प्रोसेसर, ४८ केबी रॅम. त्याच्यासाठी सी भाषेतले प्रोग्राम मी लॅपटॉपवर लिहितो; कंपायलर ते त्याला कळणाऱ्या कोडमध्ये बदलतो. लाइन गेली तरी बॅटरी असते.

आधी एसडीसीसी हा कंपायलर घेतला. कंपाइल व्हायचं, पण चालायचं काहीच नाही. दोन रात्री गेल्यावर उलगडलं: आपण काही सांगितलं नाही तर त्याचा कोड शून्य पत्त्यापासून बसतो, आणि स्पेक्ट्रममध्ये पहिले १६ केबी म्हणजे रॉम, तिथे आपलं काही लिहिताच येत नाही! पत्ता बदलता येतो, प्रोग्राम सुरू करून देणारा स्टार्टअप कोडही लिहिता येतो. पण झेड८८डीके हा दुसरा कंपायलर हे सारं तयार देतो, म्हणून मी तोच धरला. कमांडमध्ये ‘+झेडएक्स’ आणि ‘-क्रिएट-ॲप’ लिहिलं की सरळ टॅप फाइल, म्हणजे कॅसेटच्या रूपातला प्रोग्राम. तिचा ऑडिओ करून मोबाइलवरून स्पेक्ट्रमच्या इअर सॉकेटला (कॅसेटचा आवाज आत घेणाऱ्या) दिला, आवाज पूर्ण ठेवून. स्क्रीनच्या बॉर्डरवर पट्टे धावले, आणि टीव्हीवर मामाजींचं नाव उमटलं.