हाताच्या शस्त्रक्रियेकडे वळणाऱ्या नव्या रेसिडेंटसाठी

गोव्यात ऑर्थोपेडिक्सची रेसिडेन्सी करताना हाताचे पेशंट पुस्तकातल्या क्रमाने येत नाहीत. नारळ सोलताना कोयता निसटलेला, वेर्ण्याच्या कारखान्यात प्रेसखाली बोट गेलेले, माळिमच्या जेटीवर शेंगाळा माशाचा काटा घुसलेला, असे पेशंट रात्री-अपरात्री कॅज्युअल्टीत येतात. कार्पल टनेल (मनगटात दबलेली नस), ट्रिगर फिंगर (वाकताना अडकणारे बोट), जुना स्कॅफॉइड (मनगटातल्या लहान हाडाचे न जुळलेले फ्रॅक्चर) हे सगळे ओपीडीतले, आणि तिथे विचार करायला वेळ मिळतो.

तळहातावर दीड सेंटिमीटरची जखम, रक्त थांबलेले. टाके घालून घरी पाठवावे असे वाटते आणि तिथेच घात होतो. भूल द्यायच्या आधी तपासा, नंतर संवेदना कळत नाही. मधले पेर धरून बोटाचे टोक वाकवायला सांगा. वाकले तर खोल टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) चालते आहे. मग बाकीची बोटे सरळ धरून तेच बोट मधल्या सांध्यात वाकवायला लावा, म्हणजे वरचे टेंडन कळते. बोटाच्या दोन्ही कडांची संवेदना वेगवेगळी बघा. बोट वाकते, पण जोर लावल्यावर दुखते? टेंडन अर्धे कापलेले असू शकते, जखम उघडून पाहा. रडणाऱ्या मुलाचे मनगट हलकेच मागे न्या. बोटे आपोआप आत वळतात, आणि कापलेल्या टेंडनचे बोट तेवढे सरळ राहते.

तळहाताच्या बोटांकडच्या घडीपासून मधल्या पेराच्या मध्यापर्यंतचा भाग म्हणजे झोन २. एकाच बोगद्यातून दोन टेंडन जातात, म्हणून चिकटण्याचा धोका इथे सर्वाधिक. ३-० किंवा ४-० धाग्याचा (आकडा मोठा तितका धागा बारीक) किमान चार पदरी टाका, कडेने ६-०, आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवशी फिजिओथेरपी सुरू. स्प्लिंट साधारण ६ आठवडे, जड काम १२ आठवड्यांनी. जुलैत ऑपरेशन झालेल्या ट्रॉलरवरच्या कामगाराला हे दोनदा बजावा. १ ऑगस्टला मासेमारी खुली झाली की स्प्लिंट काढून जाळे ओढायला जाणारे असतात, आणि टेंडन तुटते.

माशाचा काटा टोचल्यावर हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात (४५ अंशांच्या आत) ३० ते ९० मिनिटे ठेवावा. बधिर हाताला चटका कळत नाही, म्हणून पाणी आधी आपण तपासावे. काटा आत मोडला असेल तर एक्स-रे. बोट सगळीकडे सारखे सुजलेले, अर्धवट वाकलेले, टेंडनच्या वाटेवर दाबले की दुखणारे, सरळ करताना कळ येणारे असेल, तर तो टेंडनच्या आवरणातला जंतुसंसर्ग समजा आणि सकाळची वाट पाहू नका. मासळी हाताळणाऱ्याच्या बोटावर आठवडेच्या आठवडे टिकलेली गाठ मायकोबॅक्टेरियम मरिनम या जीवाणूची असू शकते. तो ३० अंशांच्या आसपास वाढतो, तेव्हा कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) पाठवताना लॅबला तसे कळवा, नाहीतर रिपोर्ट निगेटिव्ह येईल.

तुटलेले बोट सलाइनने ओलसर केलेल्या गॉजमध्ये, मग प्लास्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात. थेट बर्फावर ठेवलेले बोट गोठून वाया जाते.

पुढचे शिक्षण एमएस किंवा डीएनबी ऑर्थोनंतर: एफएनबी (नॅशनल बोर्डाची फेलोशिप) हँड अँड मायक्रोसर्जरी, दोन वर्षे, किंवा हँड सर्जरीतली एमसीएच ही पदवी. वाट पाहायची गरज नाही, सराव आत्ताच करता येतो. आधी ग्लोव्हच्या रबरावर ८-० घाला, मग कोंबडीच्या तंगडीतल्या रक्तवाहिनीवर १०-०. मायक्रोस्कोपखाली हात थरथरला तर मनगट टेबलावर टेकवा आणि सुई फोर्सेप्सने नव्हे, नीडल होल्डरने धरा.