ऑनलाइन माल विकताय? भांडण कुठल्या कोर्टात जाईल ते आधी ठरवा

बिलाच्या तळाला 'सब्जेक्ट टू पुणे ज्युरिसडिक्शन' (म्हणजे भांडण झालं तर पुण्याच्या कोर्टात) छापलं की आपण सुटलो असं अजून बऱ्याच जणांना वाटतं, पण वेबसाइटवरून विकत असाल तर ती ओळ अर्धंच काम करते.

आधी घेणारा कोण ते बघा. दुकानदाराला, कंपनीला माल देताय तर अट चालते, २०१३ ला स्वस्तिक गॅसेसच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने तर 'फक्त' असा शब्द नसला तरी चालेल म्हटलंय. मात्र जिथे ना समोरच्याचं ऑफिस ना व्यवहाराचा काही भाग झालाय असं शहर टाकून उपयोग नाही. आणि अट फुटरमध्ये लपवू नका, ऑर्डर देतानाच टिक करायला लावा, त्या टिकचा लॉग आणि तेव्हाच्या टर्म्सची कॉपी दोन्ही जपून ठेवा.

घरगुती गिऱ्हाईक असेल तर विषयच वेगळा. गुवाहाटीच्या ताईंनी तुमच्याकडून पैठणी मागवली आणि रंग गेला, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने त्या राहतात तिथल्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करू शकतात, तुमची पुण्याची ओळ तिथे आडवी येत नाही, आर्बिट्रेशनची (कोर्टाऐवजी लवादाकडे जायची) अटही त्यांना अडवू शकत नाही. इथे वकिलापेक्षा तक्रार निवारणावर खर्च करा. ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचाच आहे, तेवढं नीट पाळलं तरी बरीच प्रकरणं आयोगापर्यंत जात नाहीत.

बाहेरच्या देशात साइट नुसती उघडते म्हणून घाबरू नका. पण भाव युरोमध्ये, जर्मनीत डिलिव्हरी, तिथल्या लोकांसाठी जाहिरात, असं सगळं केलंत तर तिकडे ऑफिस नसलं तरी जीडीपीआर, म्हणजे युरोपियन युनियनचा वैयक्तिक माहिती जपण्याचा कायदा, लागू होतो. त्यामुळे जिथलं झेपणार नाही तो देश चेकआउटच्या यादीतूनच काढून टाका, 'वी शिप वर्ल्डवाइड' लिहायची हौस महागात पडते.

परदेशी कंपनीशी मोठा सौदा असेल तर कोर्टाऐवजी आर्बिट्रेशन लिहा, आणि सीट (लवादाचं कायदेशीर ठिकाण) मुंबई की सिंगापूर तेही स्पष्ट लिहा. कारण अमेरिकन कोर्टाचा हुकूमनामा इथे थेट अंमलात आणता येत नाही, त्यावर नवा दावा लावावा लागतो, आपल्या कोर्टाच्या निकालालाही तिकडे अशीच खटपट. आर्बिट्रेशनचा निवाडा मात्र १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे बहुतेक देशांत वसूल करता येतो. पाचशे डॉलरच्या ऑर्डरसाठी अर्थातच हे कोणी करत नाही, तिथे सरळ पूर्ण पैसे अ‍ॅडव्हान्स घ्या.