कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव झाला तर: आधी हिरड्या बघा, मग गाडी काढा

गाडीची धडक बसलेला कुत्रा उठून चालू लागला की घरच्यांच्या जिवात जीव येतो. वरून जखम नाही, हाड मोडलेलं नाही. पण पाणथरी (प्लीहा) किंवा यकृत फाटलं असेल, तर रक्त बाहेर न येता पोटाच्या पोकळीत साठत राहतं. कुत्र्याच्या अंगात किलोमागे साधारण ८० ते ९० मिली रक्त असतं. म्हणजे २० किलोच्या कुत्र्यात जेमतेम पावणेदोन लिटर. त्यातलं अर्धा लिटर आत सांडलं तरी पोट फुगलेलं दिसेलच असं नाही. म्हणून पोटावर विसंबू नका.

वरचा ओठ उचला. हिरडी गुलाबी हवी. बोटाने दाबून सोडल्यावर उमटलेला पांढरा ठिपका २ सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवा. हिरड्या मुळात काळ्या असतील तर खालच्या पापणीची आतली बाजू बघा. मग मांडीच्या आतल्या बाजूला नाडी शोधा, १५ सेकंद मोजा, ४ ने गुणा. मध्यम किंवा मोठ्या कुत्र्याची शांत असतानाची नाडी ७० ते १२० असते. ती १५० च्या पुढे आणि दोऱ्यासारखी बारीक लागत असेल, हिरड्या फिकट असतील, कान-पंजे गार पडले असतील, उभं राहताना झोक जात असेल, तर यातली दोन लक्षणं पुरेत. तिसऱ्याची वाट बघू नका.

म्हाताऱ्या लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हरमध्ये अपघाताविनाही हे घडतं. पाणथरीवरची गाठ फुटते, कुत्रा कोसळतो आणि काही तासांनी उठून जेवतोसुद्धा. रक्तस्राव तात्पुरता थांबलेला असतो आणि पोटात सांडलेलं काही रक्त शरीर परत शोषून घेतं. ‘उन्हाने चक्कर आली असेल’ म्हणून हाच दिवस वाया जातो. अशा कुत्र्याची सोनोग्राफी त्याच दिवशी करा.

तिसरं कारण उंदराचं औषध. ब्रोमॅडिओलोनची वडी खाल्ल्यावर ३ ते ५ दिवस काहीच दिसत नाही, मग रक्त गोठणं बंद होतं. गेल्या पंधरवड्यात घरात, सोसायटीत, गोदामात औषध ठेवलं होतं का, हे डॉक्टरांनी विचारण्याआधीच सांगा आणि वेष्टन सोबत न्या.

कुत्र्याला जाड चादरीवर किंवा फळीवर सरकवून दोघांनी उचला, पोटाखाली हात घालून नाही. पांघरूण घाला, पण गरम पाण्याची पिशवी लावू नका. त्वचेतल्या रक्तवाहिन्या पसरून रक्तदाब आणखी उतरतो. खायला-प्यायला काही देऊ नका, भूल द्यावी लागू शकते. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन अजिबात नको. वेदनेत गरीब कुत्राही चावतो, म्हणून तोंडाला पट्टी बांधा. मात्र धाप किंवा उलटी असेल तर बांधू नका.

वाटेत फोन करून तीन गोष्टी विचारा: आत्ता सोनोग्राफी होईल का, पोट उघडणारे सर्जन आहेत का, रक्ताची सोय आहे का. असा दवाखाना तासाभरापेक्षा लांब असेल तर जवळच्या डॉक्टरांकडून शिरेत सुई आणि सलाईन लावून घेऊनच पुढे जा. ओळखीतला रक्तदाता कुत्राही बोलावून ठेवा: २५ किलोंच्या वर, १ ते ८ वर्षांचा, लसीकरण झालेला, स्वतःला कधी रक्त न चढवलेला. आपल्याकडे गोचीड फार, त्यामुळे त्याची एर्लिकिया आणि बेबेसिया या गोचिडांतून पसरणाऱ्या आजारांसाठी तपासणी हवीच.

दवाखान्यात एक फसगत नेहमी होते. पहिल्या तासात हिमोग्लोबिन चक्क ठीक येतं, कारण पेशी आणि प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) एकाच प्रमाणात गेलेले असतात, शिवाय पाणथरी आकसून साठवलेल्या पेशी रक्तात सोडते. रक्तातलं एकूण प्रथिन आधी घसरतं. त्या एका रिपोर्टवर घरी नेऊ नका. सोनोग्राफीत द्रव दिसला की सुईने नमुना काढतात. पोकळीतलं रक्त साध्या नळीत सहसा गोठत नाही. गोठलं तर सुई बहुधा रक्तवाहिनीत किंवा पाणथरीत गेली.

सलाईन किलोमागे १० ते २० मिली, १५ मिनिटांत, आणि मग पुन्हा तपासणी. रक्तस्राव थांबेपर्यंत वरचा रक्तदाब ८०-९० पुरतो. घाईने बाटल्या रिकाम्या केल्या तर नुकती धरलेली गुठळी सुटते आणि उरलेलं रक्त पातळ होतं. किलोमागे २० मिली ताजं रक्त दिल्यास हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं टक्केवारीतलं प्रमाण) साधारण १० अंकांनी चढतो. कुत्र्याला पहिल्यांदाच रक्त चढत असेल तर जीव वाचवायला क्रॉसमॅचिंगशिवायही (दात्याचं रक्त जुळतं का ही तपासणी न करताही) देता येतं. आधी कधी चढवलं असेल तर क्रॉसमॅचिंग हवंच.

पोट उघडायचं की नाही, हे कारणावर ठरतं. मार लागून झालेला रक्तस्राव पुष्कळदा विश्रांती, सलाईन आणि रक्त यांवर थांबतो. फुटलेल्या गाठीला शस्त्रक्रियाच लागते. ती गाठ कर्करोगाचीच असते असं नाही, पण हिमँजिओसार्कोमा (रक्तवाहिन्यांचा कर्करोग) निघाल्यास नुसत्या शस्त्रक्रियेनंतर बहुतेक कुत्र्यांना काही आठवडे ते तीनेक महिनेच मिळतात. हे बोलणं जड जातं, तरी छातीचा एक्स-रे बघून भूल देण्याआधीच करा. उंदराच्या औषधात मात्र चाकू लावणंच जीवघेणं, म्हणून संशय असल्यास आधी पीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) तपासा. तिथे रक्त किंवा प्लाझ्मा आणि व्हिटॅमिन के-१ लागतं. के-३ चं इंजेक्शन चालत नाही. के-१ चा परिणाम दिसायला ६ ते १२ तास जातात. गोळ्या चरबीयुक्त जेवणासोबत साधारण ४ आठवडे द्या आणि शेवटच्या गोळीनंतर ४८ ते ७२ तासांनी पीटी पुन्हा करा. वाढलेला आला तर गोळ्या परत सुरू.