जुन्या गाण्याचा सांगाडा पुन्हा वापरताय? या चुका टाळा

प्रोग मेटल (लांब, गुंतागुंतीच्या रचनांचं हेवी मेटल) वाजवणाऱ्या बँडने स्वतःच्याच जुन्या गाण्याची रचना पुन्हा वापरली तर मला त्यात काही गैर वाटत नाही. ड्रीम थिएटर या अमेरिकी बँडचा १९९२ चा अल्बम 'इमेजेस अँड वर्ड्स' आणि २०११ चा 'अ ड्रॅमॅटिक टर्न ऑफ इव्हेंट्स' लागोपाठ ऐका. 'ऑन द बॅक्स ऑफ एंजल्स'मागे 'पुल मी अंडर' ऐकू येतं, 'आउटक्राय'मागे 'मेट्रोपोलिस'. बँडचा ड्रमर माइक पोर्टनॉय २०१० मध्ये बाहेर पडला, त्यानंतरचा हा पहिलाच अल्बम. अशा वेळी ओळखीच्या वाटेने जावंसं वाटणं मी समजू शकतो. चीड येते ती हेच काम एका दुपारीत उरकणाऱ्यांची.

रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधली जुन्या गाण्याची फाइल उघडून 'सेव्ह अ‍ॅज' करणं. सूर पुसायचे, टेम्पो मॅप (कुठे किती वेग, याचा नकाशा) आणि मार्कर (भागांच्या खुणा) तसेच ठेवायचे आणि वर नवे रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारे गिटारचे तुकडे, बसवायचे. माझ्याकडे रेकॉर्डिंगला येणाऱ्या एका तरुण बँडने असं आख्खं गाणं उभं केलं. रिफ नवे होते, चांगलेही होते. पण ७/८ चा, म्हणजे सात मात्रांचा, तुकडा त्याच बारला (आवर्तनाला) यायचा, कोरसआधीचा थांबाही तिथेच. कार्यक्रमात त्यांनी ही दोन्ही गाणी एकामागोमाग घेतली आणि नव्या गाण्याच्या मध्यावर ड्रमर जुन्या गाण्यात शिरला. कानात क्लिक (तालाची टकटक) तोच, वळण तेच, हातांनी पाठ असलेलं वाजवलं. बेसवाला त्याच्या मागे गेला, गिटारवाले नव्या गाण्यातच राहिले, गायकाला कुठून उचलायचं कळेना. गाणं थांबवावं लागलं. खाली उतरल्यावर सगळे ड्रमरवर तुटून पडले. ते मला अजिबात पटलं नाही. दोष त्या फाइलचा होता, आणि पुरेशा तालमी न करता गाणं 'झालं' म्हणण्याचा.

मी जुन्या गाण्याचा आराखडा कागदावर उतरवतो, मिनिटं नाही, बार मोजून. मग ती फाइल बंद. रिकाम्या प्रोजेक्टवर, वेगळ्या टेम्पोवर सुरुवात करायची आणि आराखड्यातला एक भाग पहिल्याच दिवशी खोडायचा. सहसा मी सगळ्यात लाडका भागच खोडतो. तो गेला की उरलेल्यांना एकमेकांशी नव्याने जोडून घ्यावं लागतं, आणि खरं लिहिणं तिथे सुरू होतं.

धून आणि रचना यांची गल्लत. पोर्टनॉयच्या व्यसनमुक्तीवरच्या ड्रीम थिएटरच्या गाण्यांच्या मालिकेत, २००२ च्या 'द ग्लास प्रिझन'पासून २००९ च्या 'द शॅटर्ड फोर्ट्रेस'पर्यंत, आधीच्या गाण्यांतले रिफ आणि शब्द उघडपणे परत येतात. ऐकणाऱ्याने ते ओळखावेत असाच हेतू आहे. रचना उसनी घेतली असेल तर तिच्यावर जुनी धूनही आणू नका. दोन्ही एकत्र आलं की तो जुन्या गाण्याचा दुसरा मसुदा होतो.

शेवटही तोच ठेवणं. 'वेट फॉर स्लीप' हे छोटं पियानोचं गाणं आणि लगेच 'लर्निंग टू लिव्ह', असा १९९२ चा अल्बम संपतो. २०११ मध्ये 'फार फ्रॉम हेवन'नंतर 'ब्रेकिंग ऑल इल्यूजन्स' येतं. पियानो, मग लांबलचक गाणं, जोडी तीच. पण अल्बम तिथे संपत नाही. पुढे 'बिनीथ द सर्फेस' हे शांत, अकूस्टिक गाणं आहे आणि त्याला १९९२ मध्ये जोड नाही. त्या एका गाण्याने आधीच्या बारा मिनिटांचं वजन बदलतं. नव्या पोरांना मी हीच जागा पुन्हा पुन्हा ऐकायला लावतो.

बाकीच्या थोडक्यात. स्केल तीच ठेवू नका. गायकाला जुन्याच जागी सर्वांत वरचा सूर देऊ नका. आणि सोलोसाठी जुन्या गाण्याइतकेच बार आधीपासून राखून ठेवू नका. आजूबाजूचं गाणं पक्कं होऊ द्या, मग किती जागा लागते ते गिटारवाल्याला वाजवूनच कळेल.